भाऊ दाजींची प्रॅक्टिस

राणीच्या बागेत हल्ली सगळे पेंग्विन बघायला जातात. सुट्टीच्या दिवशी तिकिटाची रांग फाटकाबाहेर येते, पोरं उन्हाने रडकुंडीला येतात, आणि त्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर दीडशे वर्षांची एक देखणी इमारत निवांत उभी असते. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. माझा दवाखाना लालबागला. गर्दी कमी असली की पेशंटना मी गंमत म्हणून विचारतो, ‘म्युझियमला ज्यांचं नाव आहे ते कोण हो?’ कोणी म्हणतं गिरणीमालक असतील, कोणी म्हणतं जुने नगरसेवक. पालिकेच्या सफाई खात्यातले एक काका एकदा अगदी खात्रीने म्हणाले, ‘लाड-पागे समितीतले लाड ना?’ वारसाहक्काची नोकरी ज्या समितीमुळे मिळते तिचं नाव त्यांच्या ओठावर असणार, त्यात नवल नाही.

डॉक्टर होते, असं मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘एवढं सगळं करायचे, मग प्रॅक्टिस कधी करायचे?’

हा प्रश्न मलाही पडायचा. कारण भाऊ दाजींची यादी खरोखर दमवणारी आहे. १८५२ साली नाना शंकरशेट आदी मंडळींनी बॉम्बे असोसिएशन काढली, तिचे हे एक चिटणीस. त्याच सुमारास शिक्षण मंडळावर सदस्य. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं तर त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे अध्यक्ष, त्या सोसायटीच्या मुलींच्या शाळांचे पाठीराखे. एशियाटिक सोसायटीत शिलालेखांवर निबंध. फोटोग्राफिक सोसायटीत सभासद. १८६९ आणि १८७१ असं दोनदा मुंबईचं नगरपालपद, म्हणजे शेरीफपद. असं काही वाचलं की मला आधी संशय येतो. सत्कार समारंभातला सूत्रसंचालक ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ म्हणून ज्यांची ओळख करून देतो, त्यातल्या निम्म्यांनी बैठकीला येऊन चहा पिण्यापलीकडे काही केलेलं नसतं. समित्यांवर मीही बसतो, मला माहीत आहे.

म्हणून भाऊंच्या बाबतीत मी पदं बाजूला ठेवली आणि त्यांच्या दवाखान्याकडे बघायला लागलो.

मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातला, मांद्र्याचा. साल कोणी १८२२ देतं, कोणी १८२४. लहानपणी बुद्धिबळात इतका तरबेज की त्याचा खेळ बघून एका इंग्रज साहेबाने वडिलांना गळ घातली, या पोराला इंग्रजी शिकवा. मुंबईला आला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला आणि पुढे तिथेच शिकवायलाही लागला. काठेवाड-कच्छकडे मुलींना जन्मतःच मारायची चाल होती, तिच्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा हा मास्तर पुन्हा बाकावर जाऊन बसला. १८५१ साली त्या कॉलेजातून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते.

१८५१ सालचा डॉक्टर म्हणजे काय, याची आज कल्पना करणं अवघड आहे. जंतूंमुळे रोग होतात हे पुस्तकात आलेलं नव्हतं. पटकी पाण्यातून पसरते असं लंडनमध्ये जॉन स्नो सांगत होता, पण त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. क्लोरोफॉर्मचा वापर सुरू होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. हाताशी क्विनीन, अफू आणि जळवा. शिवाय घरोघरी वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले. अशा शहरात, मढ्याला हात लावून शिकलेल्या या नव्या डॉक्टरला लोकांनी घरात घ्यायचं, बायकामुलांची नाडी बघू द्यायची, म्हणजे त्याने आधी किती उंबरे झिजवले असतील! त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकलचेच डॉक्टर, आणि फोटोग्राफीचे नादी. दोघा भावांनी मिळून गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. एकीकडे तो दवाखाना आणि दुसरीकडे भाटिया-बनिया शेठियांचे, पारशांचे, साहेबांचे दिवाणखाने. त्या काळी आपापल्या वाड्यांत आणि जातींत बसलेल्या मुंबईत एवढ्या वेगवेगळ्या घरांचे दरवाजे ज्याला उघडे होते, असा माणूस कोण? व्यापारी नव्हे, मास्तर नव्हे. डॉक्टरच.

मला वाटतं, पेशंटच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. प्रॅक्टिस एकीकडे आणि शहराची कामं दुसरीकडे, अशी दोन खाती भाऊंनी ठेवलीच नव्हती. दवाखान्यात जी पत जमा व्हायची तीच ते शहरात खर्च करायचे. आणि पत खर्च केली की ती कमी होते, हे त्यांना कळत नसेल असं मी मानत नाही.

त्याचा पुरावा १८६२ सालचा. महाराज लायबल केस.

करसनदास मुळजी हे गुजराती पत्रकार. ‘सत्यप्रकाश’ या आपल्या पत्रात त्यांनी १८६० साली वल्लभ या वैष्णव संप्रदायाच्या महाराजांवर, म्हणजे धर्मगुरूंवर, भक्तांच्या बायकामुलींशी ते कसे वागतात यावर, नाव घेऊन लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी बदनामीचा दावा ठोकला आणि ५०,००० रुपये मागितले. जातीच्या पुढाऱ्यांनी सभा घेऊन ठरवलं की महाराजांविरुद्ध कोणी साक्षीला उभं राहायचं नाही, राहील तो जातीबाहेर. त्यावरून वेगळा खटला होऊन त्या पुढाऱ्यांना दंडही झाला. मुंबईत तेव्हा हायकोर्ट सुरू व्हायचं होतं. जुन्या सुप्रीम कोर्टात १८६२च्या जानेवारीत मूळ दावा उभा राहिला आणि बघायला झुंबड उडाली.

महाराजांना गरमीचा आजार, म्हणजे सिफिलिस, झालेला होता, हा करसनदासांच्या बाजूचा एक कळीचा मुद्दा. महाराजांनी तो नाकारला. मग साक्षीला आले दोन डॉक्टर, भाऊ दाजी आणि धीरजराम दलपतराम. आणि त्यांनी भर कोर्टात सांगितलं की होय, हा आजार होता आणि त्यावर आम्ही उपचार केले आहेत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सुधारणेच्या इतिहासात ही साक्ष म्हणजे शौर्याची गोष्ट आहे आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच येते. पण दवाखान्यात बसणाऱ्या माणसाच्या पोटात पहिला गोळा वेगळ्याच कारणाने येतो. पेशंट होता ना तो? खोलीचं दार लावून घेतल्यावर जे दाखवलं, जे सांगितलं, ते चव्हाट्यावर कसं आणायचं? आमच्याकडे केसपेपर बघायला नवरा आला तरी बायकोला विचारल्याशिवाय आम्ही तो देत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत पेशंटचं गुपित फोडायला ज्या मोजक्या वाटा ठेवल्या आहेत, त्यातली पहिली म्हणजे न्यायाधीशाचा हुकूम. दुसरी, कोणा माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर. माझा एक वकील मित्र सांगतो की इंग्लिश कायद्यात तर हा प्रश्न १७७६ सालीच निकालात निघालाय, साक्षीच्या पिंजऱ्यात डॉक्टरला गप्प बसायचा हक्क नाही. म्हणजे कायद्याच्या बाजूने भाऊ मोकळे होते.

पण कायद्याने मोकळं असणं आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच शेठियांच्या गल्लीत व्हिजिटला जाणं यात फरक आहे. ज्यांच्या घरी जाऊन नाडी बघायची तेच महाराजांचे भक्त. आजचा डॉक्टर अशा वेळी ‘रेकॉर्ड बघून सांगतो’, ‘नक्की आठवत नाही’ अशी साक्ष देऊन सुटेल, आणि त्याला कोणी दोषही देणार नाही. भाऊ आठवत नाही म्हणाले नाहीत. माझ्या मनात त्यांचं समर्थन पूर्ण बसतं असं नाही, पण ज्या महाराजांच्या पायाशी तरुण मुली पाठवल्या जात होत्या त्यांचा आजार ही त्यांची एकट्याची खाजगी बाब उरली नव्हती, एवढं मात्र मला पटतं. नियमावलीतली ती दुसरी वाट नेमकी हीच आहे आणि तिचा कागद व्हायला अजून एकशेचाळीस वर्षं जायची होती. एप्रिलमध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांचं त्यातलं निकालपत्र गाजलं.

माझा अनुभव यापुढे म्हणजे अगदी चिंधी आहे, तरी सांगतो. आमच्या भागात मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींविरुद्ध काही ज्येष्ठ मंडळींनी एक पत्र तयार केलं. डॉक्टर म्हणून त्यावर सही करा म्हणाले. रात्री दोनला छातीत धडधडतंय म्हणून उठवणारे म्हातारे माझेच पेशंट, आणि ज्या मंडळाविरुद्ध पत्र होतं त्याचा अध्यक्षही माझाच, बीपीच्या गोळ्या माझ्याकडून नेणारा. सही केली. तो तीन महिने आला नाही. पावसाळ्यात पोराला ताप आला तेव्हा बायकोला पाठवलं, मग स्वतः आला, आणि आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. अशा सहीला काय किंमत पडते याचा हा आमचा गल्लीतला भाव. भाऊंनी सबंध शहराच्या भावाने मोजली.

संग्रहालयाची गोष्ट त्या मानाने सोपी, पण तिच्यातही वाकडी वळणं भरपूर. १८५५च्या सुमारास फोर्टात सरकारी संग्रह सुरू झाला, तो शेतमाल आणि कारागिरीचे नमुने दाखवणारा. १८५७च्या उठावात लष्कराला जागा हवी झाली आणि सामान अक्षरशः बाहेर फेकलं गेलं. जॉर्ज बर्डवुड नावाचा डॉक्टर (हाही डॉक्टरच, बघा) ते वाचवायच्या मागे लागला. नवी इमारत बांधायची ठरली, समितीचे अध्यक्ष नाना शंकरशेट आणि दोन चिटणीस, बर्डवुड आणि भाऊ दाजी. चिटणीस म्हणजे काय ते कोणत्याही गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा. अध्यक्षाचा फोटो छापून येतो आणि चिटणीस पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरतो.

तेव्हा कापसाचा पैसा मुंबईत नुसता वाहत होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे डोळे लावून बसलेल्या. १८६२च्या नोव्हेंबरात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. १८६५ साली युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर कोसळले, बँका बुडाल्या आणि वर्गणीवर उभी राहणारी इमारत अर्ध्यात अडकली. शेवटी सरकारला हात घालावा लागला. २ मे १८७२ रोजी ती उघडली, नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. आत अल्बर्टचा पुतळा, पैसे डेव्हिड ससूनचे. ज्यांनी पावत्या फाडल्या त्यांचं नाव लागायला १९७५ साल उजाडलं. हे नामांतर मला फारसं सुखावत नाही, कारण राणीच्या नावाला भाऊंचा विरोध होता असं दिसत नाही. ते त्या राजवटीवर विश्वास असलेल्या पिढीचे होते. अर्ज-विनंत्या करायच्या, सभेत भाषण करायचं, पण राणीचं नाव आदराने घ्यायचं. त्यांना आपल्या सोयीसाठी क्रांतिकारक करू नये.

इमारतीत मात्र जरूर जावं. २००३ ते २००८ या काळात पालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिची दुरुस्ती केली, आणि तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पालिकेच्या वास्तूत असा फिकट हिरवा आणि सोनेरी झगमगाट बघून पहिल्यांदा माणूस दचकतो. बिडाचे खांब आणि कठडे, पायाखाली मिंटन या इंग्लिश कंपनीच्या नक्षीदार फरश्या. पण माझे पाय अडतात ते काचेच्या कपाटांतल्या मातीच्या बाहुल्यांपाशी. वीतभर उंचीची माणसं, प्रत्येक आपापल्या धंद्यात. शिवाय पगड्यांचे नमुने, एकेका जातीची एकेक पगडी, एकेक फेटा. साहेबाने प्रजेची केलेली ही वर्गवारी आहे, यात शंका नाही. माणसं मोजून, लेबल लावून ठेवलेली. तरी एका बाहुलीच्या पोटऱ्या मी दर वेळी वाकून बघतो. ज्याने ती माती घडवली त्याने दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फुगलेल्या शिरा बघितल्या असणार. गिरणगावात आमच्याकडे अशा पोटऱ्या खूप यायच्या.

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं तोच. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली सांधून उभा केला. सांधे आजही दिसतात.

नाटकाकडे मी धावतच जातो, कारण त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. १८५३ साली विष्णुदास भावे सांगलीहून आपला संच घेऊन मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या नाटकघरात तिकीट लावून खेळ केले. त्यांना शहरात हात देणाऱ्यांत नाना शंकरशेटांबरोबर भाऊंचं नाव येतं. त्याच वर्षी निघालेल्या पारशी नाटक मंडळीच्या समितीतही दादाभाई नौरोजींसोबत हे आहेतच. डॉक्टर आणि रंगभूमी ही जोडी आपल्याकडे पुढे इतकी जमली की कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं. गिरगावात डॉ. अ. ना. भालेरावांनी मुंबई मराठी साहित्य संघ आणि नाट्यमहोत्सव यांच्यासाठी आयुष्य वेचलं; तिथला रस्ता आज त्यांच्या नावाचा आहे. लागू कान-नाक-घशाचे, घाणेकर दातांचे, आगाशे मनाचे, जब्बार पटेल मुलांचे. एकेका अवयवाचा एकेक नट नाहीतर दिग्दर्शक! पण यातल्या बहुतेकांना कधी ना कधी दवाखाना की नाटक असा कौल द्यावा लागला. तो भाऊंना द्यावा लागला नाही, कारण ते रंगमंचावर नव्हते, तिकीट काढून पुढच्या रांगेत होते.

आता त्यांचं मला न पटणारं प्रकरण. महारोगावर जुन्या ग्रंथांतून शोधत त्यांनी कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले आणि लांबलांबून रोगी त्यांच्याकडे येऊ लागले. पण औषध काय आहे हे त्यांनी बराच काळ गुपित ठेवलं, आणि त्यावरून त्यांच्या हयातीतच टीका झाली. पूर्ण खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, ही सावधगिरी असू शकते. तरी ज्याने आयुष्यभर छापून, सभा घेऊन, सगळ्यांसमोर ज्ञान मांडायचा आग्रह धरला, त्याने इथेच वैद्यबुवांसारखी पुडी बांधून ठेवावी? कोर्टात पेशंटचं गुपित फोडणारा माणूस दवाखान्यात औषधाचं गुपित जपत होता, हे मला अजून जुळवता आलेलं नाही. १८७३ साली नॉर्वेत हान्सेनला या रोगाचा जंतू सापडला. पुढे १९४०च्या दशकात सल्फोनची औषधं येईपर्यंत जगभर चालमोगरा आणि कडू कवठ यांच्या जातीचंच तेल टोचलं जात होतं. म्हणजे दिशा चुकली नव्हती.

आणि जिथे त्यांची पत नव्हे तर पैसा गेला, ते खातं वेगळंच आहे. हस्तलिखितं, नाणी, शिलालेखांचे ठसे. अजिंठ्याचे लेख, गिरनारच्या खडकावरचे रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या प्राचीन राजांचे लेख त्यांनी वाचले. कालिदासाला त्यांनी सहाव्या शतकात नेऊन बसवलं, ते आज फारसं कोणी मानत नाही. आर्यभटीयाची हस्तलिखितं मात्र त्यांनी उजेडात आणली, आणि आर्यभटाचा जन्म इसवी सन ४७६चा, हे त्यांच्या १८६५च्या निबंधात आहे तसंच आपण आजही शाळेत शिकतो. व्हिजिट फीच्या रुपयांतून एक डॉक्टर हे करत होता.

अर्थात, खडकांवर चढून ठसे घेणारा माणूस दुसराच होता. भगवानलाल इंद्रजी, जुनागढचा तरुण पंडित. गिरनारचा लेख लहानपणापासून डोळ्यांसमोर, त्या नादाने जुनी लिपी शिकलेला. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला भाऊंनी त्याला मुंबईला बोलावून घेतलं आणि पुढची दहा-बारा वर्षं भाऊंच्या खर्चाने तो हिंदुस्थानभर फिरला. ठसे त्याचे, बरेचसे वाचनही त्याचं, निबंधावर नाव भाऊंचं. त्या काळची रीत तशी होती म्हणून सोडून द्यावं, तर भाऊ इतर बाबतीत त्या काळच्या रीतीला कुठे जुमानत होते?

१८७४च्या मे महिन्यात भाऊ गेले, पन्नाशीच्या आसपास. भगवानलाल तेव्हा त्यांच्याच कामावर नेपाळात होते. पैशाचा झरा आटला, ते मुंबईला परतले, आणि मग स्वतःच्या नावाने लिहायला लागले. गेऑर्ग ब्यूलरसारख्या विद्वानांनी त्यांना उचलून धरलं, हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. वाळकेश्वरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १८८८ साली ते वारले, तेव्हा नाणी ब्रिटिश म्युझियमला आणि हस्तलिखितं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला द्यावीत असं मृत्युपत्रात लिहून गेले. हस्तलिखितांबद्दल एक अट घातली होती: ती डॉ. भाऊ दाजींच्या संग्रहाजवळ ठेवावीत.